आधी काठी, मग रोप: गोदावरीच्या मुखाशी खारफुटी परत आणण्यापूर्वी काय मोजायचं आणि कसं

आंध्रातल्या काकीनाड्याच्या दक्षिणेला एका खाडीकाठी मी पहिल्यांदा ओहोटीला उतरले, तेव्हा चिखलात बांबूच्या काठ्यांच्या ओळीच्या ओळी उभ्या दिसल्या. प्रत्येक काठीला कधीकाळी कांदळाचं, म्हणजे खारफुटीतल्या एका झाडाचं, एकेक रोप बांधलेलं होतं. रोपं केव्हाच गेली होती. काठ्या उरल्या होत्या आणि त्यांवर कालवं धरली होती. सोबतच्या होडीवाल्या अन्नांना विचारलं, तर त्यांनी एका वाक्यात कारण सांगितलं: इथलं पाणी पुरतं उतरतच नाही. पुढे आम्ही मोजमाप केलं. ती जागा कांदळासाठी दीड वीत खोल निघाली. ज्यांनी रोपं लावली त्यांनी मेहनत कमी केली नव्हती. त्यांनी उंची मोजली नव्हती, एवढंच.

त्रिभुज प्रदेशात दीड वीत म्हणजे जंगल आणि उघडा चिखल यांच्यातलं अंतर असतं. हा लेख त्या दीड वितीसाठी आहे. किनाऱ्यावर काम करणाऱ्या संस्था, भूगोल आणि पर्यावरणाचे विद्यार्थी, मच्छीमार सोसायट्या यांना स्वतः करता येतील अशा क्रमाने पायऱ्या मांडते आहे. जिथे तज्ज्ञ लागतोच, तिथे तसं सांगितलं आहे.

उदाहरण गोदावरीचं घेतलं आहे, कारण ते आपल्याच घरचं आहे. आपली गोदावरी त्र्यंबक, रामकुंड, पैठण, नांदेड अशी डोळ्यांपुढे येते आणि तेलंगणात शिरली की मनातून निघून जाते. प्रत्यक्षात १४६५ किलोमीटरच्या या नदीच्या खोऱ्याचा जवळपास निम्मा भाग महाराष्ट्रात आहे. धवळेश्वरमच्या बंधाऱ्याखाली ती गौतमी आणि वसिष्ठ अशा मुख्य फाट्यांत विभागते. गौतमी यानमवरून समुद्राला मिळते. तिचं थोडं पाणी कोरिंगाच्या खाड्यांतून काकीनाड्याच्या उपसागरात जातं आणि तिथेच १९७८ मध्ये घोषित झालेलं कोरिंगा अभयारण्य आहे: सुमारे २३५ चौरस किलोमीटर, त्यात पाणमांजरं, मासेमार मांजर आणि तेलुगूत ज्याला 'मड अडवी' म्हणतात ते खारफुटीचं रान. नाशिकला नदीला जे गौतमी नाव आहे, तेच मुखाशीही आहे. वर पैठणला पैठणी विणली जाते आणि मुखापासून थोडं उत्तरेला उप्पाड्याला जामदानी. त्या उप्पाड्याची घरं वर्षानुवर्षं समुद्र गिळतो आहे.

पायरी १: आजार काय, ते लिहून काढा

उपकरणं विकत घेण्याआधी एका कागदावर उत्तर लिहा: इथलं जंगल का गेलं, किंवा इथे ते का येत नाही? तोडीमुळे? कोळंबीच्या तळ्यांमुळे? पाणी अडल्यामुळे? गाळ थांबल्यामुळे? जमीन खचल्यामुळे? प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा आहे आणि रोप लावणं हा त्यांतल्या बहुतेकांचा उपाय नाही.

तमिळनाडूतल्या पिचावरमची गोष्ट यासाठी मला फार मोलाची वाटते. तिथलं रान उजाड होण्याचा दोष कित्येक वर्षं गावकऱ्यांच्या गुरांवर आणि लाकूडतोडीवर येत होता. एम. एस. स्वामीनाथन संशोधन प्रतिष्ठानाच्या शास्त्रज्ञांनी नीट तपासलं, तेव्हा मूळ कारण जुन्या सरकारी तोडीच्या पद्धतीत सापडलं. पट्ट्यापट्ट्यांनी सगळी झाडं कापली जात. उघड्या जमिनीतलं पाणी उन्हाने आटे, माती आक्रसून खाली बसे आणि मध्ये उथळ ताटलीसारखा खोलगट भाग तयार होई. भरतीचं पाणी त्यात शिरे, पण बाहेर पडत नसे. ते तिथेच आटून मीठ साठत जाई आणि त्या मिठात काही रुजत नसे. निदान बदललं तसा उपायही बदलला: मुख्य कालवा खणायचा आणि त्याला दोन्ही बाजूंनी माशाच्या काट्यासारखे तिरके उपकालवे जोडायचे, म्हणजे प्रत्येक भरतीला पाणी आत येऊन ओहोटीला परत जाईल. हीच पद्धत पुढे वनखाते आणि गावांच्या समित्यांबरोबर गोदावरी आणि कृष्णेच्या मुखांवरही वापरली गेली. गुरांना कुंपण घातलं असतं, तर तिथे आजही मीठच असतं.

म्हणून गावातल्या वयस्कर मच्छिमारांबरोबर दोन दिवस बसा. कुठली खाडी कधी बुजली, कुठे पूर्वी होडी जात असे, कुठल्या वादळानंतर रेती सरकली, हे सगळं नकाशावर त्यांच्याच हाताने काढून घ्या. नोव्हेंबर १९९६ चं काकीनाड्याजवळचं चक्रीवादळ तिथल्या बहुतेकांच्या आठवणीत तारखेसारखं वापरता येतं.

पायरी २: वरून पाहणं

उपग्रहाची चित्रं फुकट आहेत. लँडसॅट १९७२ पासून, सेंटिनेल-२ २०१५ पासून. सेंटिनेलचा एक ठिपका दहा मीटरचा असतो आणि साधारण पाच दिवसांनी नवं चित्र मिळतं. गूगल अर्थ इंजिनवर हे सगळं घरी बसून पाहता येतं. दर दशकातलं एकेक चांगलं चित्र घ्या, तेही एकाच ऋतूतलं, आणि पाण्याची कड, रानाची कड, तळ्यांचे चौकोन आखा. कोळंबीची तळी १९९० च्या दशकात कशी पसरली, ते तिथे स्पष्ट दिसतं.

इथे नेहमी होणारी चूक अशी. दोन चित्रांतली किनारेषा सरकलेली दिसते आणि आपण लिहितो: पाचशे मीटर धूप. पण चिखलाच्या सपाट पट्टीचा उतार हजारास एक असेल, तर पाणी नुसतं अर्धा मीटर उतरलं तरी कड पाचशे मीटर मागे जाते. म्हणून प्रत्येक चित्राच्या वेळची भरतीची पातळी शोधा आणि जवळपास सारख्या पातळीचीच चित्रं एकमेकांशेजारी ठेवा. शिवाय सेंटिनेल दर खेपेला सकाळी साडेदहाच्या सुमारासच वरून जातो आणि एखाद्या बंदरात उधाणाची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती महिन्यामागून महिने जवळपास ठरलेल्याच घटकेला येते. त्यामुळे त्या उपग्रहाला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीची एकच अवस्था पुन्हा पुन्हा दिसते. उरलेल्या अवस्था त्याच्या नजरेला कधीच पडत नाहीत. चिखलाच्या पट्टीच्या कडेपेक्षा वाळूच्या दांड्याची कड किंवा झाडांची कड मोजणं म्हणूनच भरवशाचं.

देशपातळीवरचे आकडे हाताशी असू द्या: भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात देशात ४९९२ चौरस किलोमीटर खारफुटी नोंदली आहे, त्यातली आंध्रात ४०५ आणि महाराष्ट्रात ३२४. पण त्या आकड्यांवरून तुमच्या खाडीबद्दल काहीही ठरवू नका.

पायरी ३: उंची

सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा इथे घाला.

खारफुटीचं झाड समुद्राच्या सरासरी पातळीपासून उधाणाच्या भरतीच्या रेषेपर्यंतच्या पट्ट्यात जगतं. मुंबईला उधाणात पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, त्यामुळे कोकणात हा पट्टा उंचीला ऐसपैस असतो. काकीनाड्याला उधाणाची चढउतार दीड मीटरच्या आसपास. म्हणजे झाडांच्या वाट्याला येतो जेमतेम पाऊण मीटर. त्यात तिवर, कांदळ, हुरा सगळ्यांनी आपापली जागा वाटून घ्यायची. कोकणातला अनुभव घेऊन तिकडे जाणाऱ्यांनी हे आधी मनात पक्कं करावं. तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढायचा आपला हिशेबही तिथे लागू पडत नाही.

उपग्रहावरून काढलेल्या उंचीच्या नकाशांवर इथे विसंबू नका. २००० साली अंतराळयानातून रडारने केलेली जगभरची मोजणी सगळीकडे वापरली जाते, पण ती झाडांच्या शेंड्यांनाच जमीन समजते. व्हिएतनाममधल्या मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशाबद्दल २०१९ मध्ये जे समोर आलं ते धक्कादायक होतं: तो प्रदेश समुद्रापासून सरासरी २.६ मीटर उंच धरला जात होता, जमिनीवरच्या मोजमापांतून तो जेमतेम ०.८ मीटर निघाला. एवढ्या चुकीवर बांधलेली कोणतीही योजना पाण्यात जाते.

मग मोजायचं कसं? शक्य असेल तर आरटीके पद्धतीचा, म्हणजे जमिनीवरच्या स्थिर केंद्राच्या आधाराने आपली चूक सुधारणारा जीपीएस भाड्याने घ्या. सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरपर्यंत बरोबर येतो. मात्र तो जी उंची देतो ती पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची असते. आपल्या पूर्व किनाऱ्यावर समुद्राची पातळी त्या आकाराच्या कित्येक दहा मीटर खाली आहे. एका सर्वेक्षणाचा तक्ता माझ्या हाती आला होता, त्यात सगळ्या उंच्या उणे होत्या आणि कोणीतरी ती टंकनाची चूक समजून उणे चिन्हं पुसून टाकली होती. पूर्ण हंगामाचं काम वाया गेलं. त्यामुळे सर्वेक्षकाकडून 'कोणत्या पातळीपासून' हे लेखी घ्या आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जवळच्या पातळीखुणेशी जोडून घ्या.

जीपीएस परवडत नसेल तर पाण्यालाच पातळी विचारा. अमावास्येच्या आदल्या दिवशी वाऱ्याचा जोर नसताना शंभर-दीडशे बांबू रोवा. त्यांना पाण्यात विरघळणारा पोस्टर कलर लावा. भरती येऊन गेली की प्रत्येक बांबूवरचा रंग जिथपर्यंत धुतला गेला, ती रेषा त्या खाडीपुरती एकच पातळी असते. रेषेपासून चिखलापर्यंतचं अंतर टेपने मोजलं की प्रत्येक जागेची सापेक्ष उंची हातात येते. काही शेकडा मीटरच्या परिसरात ही पद्धत चांगली चालते. शाळेतली मुलं हे काम उत्साहाने आणि बिनचूक करतात, हा माझा अनुभव आहे.

आजची उंची कळली, पण ती वर्षागणिक वाढते की घटते? त्यासाठी 'सेट' नावाचं साधन वापरतात. पोलादी दांडा चिखलात पुढे जायचा थांबेपर्यंत, कधीकधी दहा-वीस मीटर खोल, ठोकतात. त्याच्या डोक्यावर एक आडवा हात बसवायचा, त्यातून नऊ बारीक काड्या खाली जमिनीला टेकेपर्यंत सोडायच्या, चार दिशांना असं करून छत्तीस वाचनं घ्यायची. वर्षातून दोनदा तेच. मिलिमीटरभर बदल कळतो. शेजारीच अर्धा-पाऊण हात चौकोनात पांढऱ्या फेल्डस्पारची भुकटी पसरून ठेवा. सिरॅमिकच्या कारखान्यांना लागते तीच. पुढच्या वर्षी सुरीने चिखलाचा चौकोनी तुकडा काढला की पांढऱ्या रेघेवर किती गाळ बसला ते दिसतं.

दोन्ही का? समजा रेघेवर सहा मिलिमीटर गाळ दिसला, पण दांड्याने उंची फक्त तीनने वाढलेली दाखवली. मधले तीन मिलिमीटर कुठे गेले? खालचा चिखल दबला. एकटी रेघ पाहिली असती तर आपण जागेला निरोगी म्हणून प्रमाणपत्र दिलं असतं. आणि वाचन घेताना त्या चौकोनात पाय पडता कामा नये. फळ्या टाकून, फळ्यांवरूनच फिरा. एका पावलाचा खड्डा वर्षभराच्या गाळापेक्षा खोल असतो.

दांड्याच्या टोकाच्याही खालची जमीन खचत असेल तर ती सेटला कळत नाही. गौतमी आणि वसिष्ठ यांच्या मधल्या कोनसीमा भागात तेल-वायू आणि भूजल उपशाने जमीन बसते का, यावर तिथे वर्षानुवर्षं वाद आहे. त्याचं उत्तर रडार उपग्रहांच्या चित्रांची तुलना करून मिळू शकतं आणि ते काम विद्यापीठाकडे सोपवा.

पायरी ४: पाणी

पाण्याचा दाब मोजणारी नळकांडी, ज्यांना सगळे लॉगर म्हणतात, निदान तीन लावा: खाडीच्या तोंडाशी एक, मधे एक, पुनर्रोपणाच्या जागेवर एक. एक चौथा कोरड्यात झाडाला टांगा, कारण हवेचा दाब वजा केल्याशिवाय आकड्यांना अर्थ नाही. पाऊण इंची भोकांच्या पीव्हीसी पाइपात बसवा, दर पंधरा मिनिटांनी नोंद घ्यायला सांगा आणि दर महिन्याला कालवं खरवडा. पहिल्या वर्षी आम्ही दोन महिने उशीर केला आणि भोकं इतकी बुजली की उपकरण पाइपातल्या साचलेल्या पाण्याचीच पातळी प्रामाणिकपणे नोंदवत बसलं होतं. प्रत्येक लॉगरची उंची पायरी ३ मधल्या त्याच पातळीशी जोडलेली हवी. शेजारी रंगवलेली मोजपट्टी लावून गावातल्या एखाद्या ताईंना रोजची दोन वाचनं लिहायचं मानधन द्या. उपकरण बिघडतं, वही बिघडत नाही.

एका महिन्याच्या नोंदी म्हणजे २८८० आकडे. तुमच्या जागेची उंची घ्या आणि किती वेळा पाणी तिच्या वर होतं ते स्प्रेडशीटवर मोजा. ८६० वेळा असेल तर जागा तीस टक्के वेळ बुडालेली आहे. फ्लोरिडात आयुष्यभर खारफुटी उभी करण्याचं काम केलेल्या रॉय लुईस यांचा ढोबळ नियम हाच: जागा तीस टक्क्यांहून जास्त वेळ पाण्याखाली असेल, तर तिथे बहुतेक खारफुटी तगत नाही. बांबूच्या त्या ओळी जिथे उभ्या होत्या तिथलं उत्तर साठच्या पुढे आलं. शेजारच्या चांगल्या रानातही हेच मोजा. ते तुमचं संदर्भ-ठिकाण, पुढच्या प्रत्येक निर्णयाचा गुरू.

बंगालच्या उपसागराची एक खोड लक्षात ठेवा. तिथे समुद्राची सरासरी पातळीच ऋतूनुसार बदलते: मार्च-एप्रिलच्या सुमारास खाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरला वर, आणि फरक वीतभर किंवा जास्तही असतो. उन्हाळ्यातल्या एका महिन्यावरून ठरवाल तर जागा कोरडी वाटेल. पूर्ण वर्ष मोजा.

पायरी ५: गाळ, आणि इथे गोष्ट आपल्या अंगणात येते

त्रिभुज प्रदेश ही नदीने आणलेली माती आहे. माती थांबली की समुद्र ती परत घेऊ लागतो. धवळेश्वरमच्या वर मोजलेला गोदावरीचा तरंगता गाळ १९७० च्या दशकात वर्षाला सरासरी १५ कोटी टन होता. २००० नंतरच्या वर्षांत तो ६ कोटींच्या आत आला. महाबळेश्वरात उगवणाऱ्या कृष्णेचं तर विचारूच नका: १९६० च्या दशकाअखेरीस ९० लाख टन, २००० नंतर ४ लाख. मधल्या काळात धरणांची माळ उभी राहिली. पैठणचा नाथसागर १९७६ चा. मराठवाड्याची जी काळी माती पुरात वाहून मुखाशी नवी जमीन घडवायची, ती आता जलाशयाच्या तळाशी बसते. तिथे ती आपली साठवण खाते आणि खाली कोळ्याचं गाव उघडं पडतं. धरणं नकोत असं मी म्हणत नाही, मराठवाड्याची तहान मी पाहिली आहे. पण जलाशयातला गाळ हा एका राज्याचा तोटा आणि दुसऱ्या राज्याचाही तोटा आहे, हे दोन्हीकडच्या अभियंत्यांनी एका टेबलावर बसून पाहायला हवं.

मोजायचं असं. वरच्या प्रवाहाच्या नोंदी केंद्रीय जल आयोगाकडून घ्या, बऱ्याच इंडिया-डब्ल्यूआरआयएस संकेतस्थळावर आहेत. खाली खाडीत एकेक लिटर पाणी वरून, मधून आणि तळाजवळून घ्या, आधी वजन केलेल्या गाळणीतून गाळा, १०५ अंशांवर वाळवा, पुन्हा वजन करा. गढूळपणा मोजणारं यंत्र असेल तर ते याच बाटल्यांशी जुळवून घ्या, कारखान्याच्या आकड्यावर सोडू नका.

वेळेचं मात्र कटाक्षाने पाहा. वर्षाचा बहुतेक गाळ पुराच्या थोड्या दिवसांत येतो. ऑगस्ट १९८६ मध्ये धवळेश्वरमला सुमारे ३५ लाख क्युसेक पाणी आलं होतं. अशा चार दिवसांत जे वाहतं, ते बाकीच्या महिन्यांत मिळून वाहत नाही. दर सोमवारी बाटली भरायची ही शिस्त चांगली, पण पूर बुधवारी आला तर वही कोरी राहते. जुलै-ऑगस्टमध्ये नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या भद्राचलमच्या पुराचा इशारा आला की बाटल्या घेऊन तयार राहा, जीव सांभाळून, काठावरून किंवा पुलावरून. उन्हाळ्यात उलट स्थिती. बंधाऱ्यातून जवळपास सगळं पाणी कालव्यांना जातं. १८५२ पासून, आर्थर कॉटन यांच्या पहिल्या बंधाऱ्यापासून, गोदावरीचं पाणी भातशेतीकडे वळत आलं आहे आणि मुखाशी समुद्रच आत येतो.

पायरी ६: मीठ आणि झाडं

इथे थोडक्यात. भोकं पाडलेली पीव्हीसी नळी हातभर खोल रोवा, आतलं पाणी सिरिंजने ओढा, क्षारमापकावर एक थेंब टाका. समुद्राचं पाणी दर हजारी ३५ च्या आसपास. तिवर याच्या दुपटीपर्यंत तग धरते, पण खुजी राहते. त्याहून वर गेलं की जमीन पांढरी दिसते आणि तिथे आधी पाणी फिरवणंच गरजेचं. पावसाळ्यानंतर आणि मे महिन्यात, दोन्ही वेळा मोजा, ठरवते ती मे महिन्याची संख्या.

झाडांसाठी दहा बाय दहा मीटरचे चौकोन. प्रत्येक झाडाची जात, छातीच्या उंचीवरचा घेर, आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे आपोआप रुजलेली पिल्लं. आसपास आई-झाडं असतील, शेंगा आणि बिया भरतीबरोबर येत असतील, तरीही एकही पिल्लू नसेल, तर जागेचं पाणी किंवा उंची चुकलेली आहे. पिल्लं भरपूर असतील तर रोपवाटिकेचा खर्च वाचवा.

पायरी ७: मॉडेल, पण कागदावरचं आधी

'मॉडेल' म्हटलं की लोक थेट मोठं सॉफ्टवेअर उघडतात. तसं करू नका. आधी एक बेरीज-वजाबाकी करा. हे आकडे निव्वळ उदाहरणाचे: समुद्र वर्षाला ४ मिलिमीटर चढतो, खोलवरची जमीन २ ने खचते, सेटवर उंची ३ ने वाढते. चार अधिक दोन वजा तीन, म्हणजे दरवर्षी तीन मिलिमीटरची तूट. वीस वर्षांत सहा सेंटिमीटर. पाऊण मीटरच्या पट्ट्यात ही मोठी घट आहे. आता पायरी ४ च्या स्प्रेडशीटमध्ये जागा सहा सेंटिमीटर खाली ढकला आणि बुडण्याचे टक्के पुन्हा काढा. उत्तर तीसच्या पलीकडे गेलं, तर ही जागा आज लावण्याजोगी आणि वीस वर्षांनी मरणारी आहे. जुन्या काळातल्या गाळाच्या थरांवरून शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये मांडलं की सापेक्ष पाणीवाढ वर्षाला सहा मिलिमीटरच्या वर गेली की खारफुटीला तिच्याबरोबर चढणं बहुधा जमत नाही. वरच्या उदाहरणात चार अधिक दोन बरोबर सहा येतात. म्हणजे ती जागा अगदी काठावर आहे.

यापुढे प्रश्न असेल 'कालवा इथे खणला तर पाणी कुठवर जाईल', तर संगणक लागतोच. नेदरलँड्सच्या डेल्टारेस संस्थेचं डेल्फ्ट-थ्रीडी किंवा अमेरिकी लष्करी अभियंत्यांचं हेक-रास, दोन्ही पैसे न देता मिळतात. मॉडेलसाठी जागेवर चौकोनांची जाळी आखताना खाडीच्या रुंदीत निदान तीन-चार चौकोन बसले पाहिजेत, नाहीतर संगणकाच्या लेखी ती खाडी बंदच असते. खोली स्वतः मोजा. होडीला साधा मच्छिमारी इकोसाउंडर लावून आडव्या फेऱ्या मारल्या तरी चालतं. सागरी नकाशांवरच्या खोल्या वेगळ्या शून्यापासून असतात, त्या तशाच टाकू नका. समुद्राच्या बाजूला भरतीची नोंद, नदीच्या बाजूला बंधाऱ्याचा विसर्ग, आणि झाडांच्या भागात पाण्याला होणारा अडथळा जास्त.

मग जुळवणी. फेब्रुवारीच्या नोंदींवर अडथळ्याचे आकडे बदलत बदलत मॉडेल जुळवा. नंतर काहीही न बदलता ऑक्टोबर चालवून पाहा. ऑक्टोबरलाही जुळलं तरच विश्वास. बंदराच्या कामाला पातळीत पंधरा सेंटिमीटरची चूक चालून जाईल, आपल्याला नाही. झाडाचं आयुष्य ज्या फरकावर ठरतं, तो पाच-दहा सेंटिमीटरचाच आहे. तेवढी अचूकता येत नसेल तर मॉडेलने 'कुठला पर्याय जास्त बरा' एवढंच सांगावं, 'किती टक्के जगतील' हे सांगू नये.

पायरी ८: पर्याय एकमेकांशी ताडून पाहा

चार-पाच पर्याय मॉडेलमध्ये घाला आणि त्यांत 'काहीच करू नका' हा एक असलाच पाहिजे. गोदावरीच्या मुखाशी साधारण हे निघतात: बंद पडलेल्या कोळंबीच्या तळ्यांचे बांध फोडणं, माशाच्या काट्यासारखे कालवे खणणं, बुजलेली खाडी मोकळी करणं. बांध फोडताना सगळा पाडू नका. जुनी खाडी जिथून जात होती, तिथेच तोंड ठेवलं तर पाणी स्वतः आपली वाट खोल करतं. जुनी वाट पायरी २ च्या चित्रांत सापडते.

गाळ मुद्दाम आत घ्यायचा मार्गही आहे. बांगलादेशात १९६० च्या दशकात बांधलेल्या बांधांमुळे नद्या गाळाने भरल्या आणि शेतं पाण्यात बुडाली. १९९७ मध्ये भायना बिल नावाच्या सखल पाणथळ भागाच्या काठच्या लोकांनी बांध स्वतः तोडला. भरतीबरोबर गाळ आत बसला, शेत उंच झालं, नदी खोल झाली. तज्ज्ञांनी ते नंतर मॉडेलमध्ये बसवलं. अमेरिकेत मिसिसिपीच्या मुखाशी एका पूर-कालव्याच्या तोंडावर १९७३ च्या पुरानंतर नवी जमीन आपोआप वर आली. तिथल्या लुइझियाना राज्यात आता जवळपास ३९० ठिकाणी एकाच पद्धतीने उंची, पाणी, मीठ, वनस्पती मोजतात. तरीही त्याच राज्यात नदीचा गाळ दलदलीत सोडण्याचा अब्जावधी डॉलरचा प्रकल्प २०२३ मध्ये सुरू झाला आणि २०२५ मध्ये रद्द झाला. खर्च वाढला होता आणि गोड्या पाण्याने कालवं मरतील म्हणून कालववाले लढत होते. मॉडेल उत्तम होतं. कोणाच्या ताटातलं जाईल हा प्रश्न मात्र मॉडेलच्या बाहेर होता. म्हणून प्रत्येक पर्यायासमोर एक रकाना ठेवा: यात कोणाची जाळी, कोणाची वाट, कोणाचं तळं जातं? तो रकाना गावातच भरा, तेलुगूत, बायकांना वेगळं विचारून. खेकडे आणि शिंपल्या वेचणाऱ्या त्याच असतात आणि मोठ्या सभेत त्या बोलत नाहीत.

परवानग्यांना वेळ लागतो. अभयारण्यात वनखात्याची, भरतीच्या पट्ट्यात किनारा नियमन क्षेत्राची, ड्रोनसाठी सरकारच्या ड्रोन संकेतस्थळावरची. अर्ज पायरी १ च्या दिवशीच टाका.

पायरी ९: खणल्यावर

काम करायच्या जागेची आणि न करायच्या तशाच जागेची मोजमापं कामाआधी निदान एक वर्ष आणि नंतर निदान पाच वर्षं घ्या. दुसरी जागा नसेल तर चांगला पावसाळा आला म्हणून झाडं वाढली की कालव्यामुळे, हे कधीच कळणार नाही. पहिल्या वर्षी रोपं मोजून जाहिरात करणं सोपं आहे. तिसऱ्या वर्षी आपोआप रुजलेली पिल्लं मोजा, पाचव्या वर्षी सेटचा चढ पाहा.

आणि आधीच लिहून ठेवा की कोणत्या आकड्याला काय करायचं. बुडण्याचे टक्के दोन ऋतू तीसच्या वर राहिले तर नवी लागवड थांबवायची. मे महिन्याचं मीठ उतरलं नाही तर उपकालव्यांची तोंडं तपासायची. कालव्याचा तळ गाळाने वर आला, तर पावसाळ्याआधी उपसायचा. उपसलेला गाळ मात्र काठावर ढीग करून टाकू नका. ढिगावर भरती चढत नाही, तो सुकतो आणि शेजारच्या पट्टीत जाणारं पाणीही अडवतो. हाताच्या दोन बोटांइतक्या जाडीने तो पसरा, पसरलेल्या जागी एक काठी रोवा आणि तिथली नवी उंची त्याच दिवशी वहीत लिहा.